टेलिफोन बेलने शोधला, पण टेलिफोनचा धंदा थिओडोर व्हेलने उभा केला. पटतं का?

तारयात्री

टेलिफोन म्हटलं की बेल, १८७६ आणि त्याने आपल्या मदतनीसाला मारलेली हाक, 'मिस्टर वॉटसन, इकडे या', एवढं आपल्या सगळ्यांना पाठ असतं. हल्ली मी या धंद्याच्या सुरुवातीच्या वर्षांबद्दल बरंच वाचतोय आणि एक गोष्ट मनात पक्की होत चालली आहे. बेलने यंत्र दिलं. पण या गावचा माणूस त्या गावच्या माणसाशी बोलू शकेल अशी व्यवस्था ज्याने उभी केली, तो माणूस वेगळाच. त्याचं नाव आपल्याकडे कोणी घेत नाही. थिओडोर न्यूटन व्हेल.

ओळख करून देतो. जन्म १८४५, ओहायो राज्यात. तरुणपणी तारमास्तर, मग रेल्वे टपाल सेवेत नोकरी. १८७८ साली बेलचे सासरे गार्डिनर हबर्ड यांनी त्याला बेल टेलिफोन कंपनीचा जनरल मॅनेजर केलं. कंपनीच्या तिजोरीत खडखडाट होता आणि समोर वेस्टर्न युनियन, म्हणजे त्या काळची सगळ्यात बलाढ्य तार कंपनी. एडिसन आणि एलिशा ग्रे दोघांची पेटंटं तिच्या हातात, देशभर खांब आणि तारा आधीच टाकलेल्या. व्हेलने कंपनीच्या एजंटांना पत्र लिहून कळवलं की मूळ पेटंटं आपली आहेत, धंदा आपण सुरू केलाय आणि तो कोणालाही हिसकावून घेऊ द्यायचा नाही. पेटंटभंगाचा दावा चालू होता. नोव्हेंबर १८७९ मध्ये तडजोड झाली. वेस्टर्न युनियनने टेलिफोनमधून अंग काढून घेतलं, ५५ शहरांतले सुमारे ५६,००० फोन बेल कंपनीच्या हवाली केले आणि बदल्यात १७ वर्षं भाड्यातले २० टक्के घ्यायचं कबूल केलं.

१८८५ साली लांबच्या लाईन टाकायला एटी अँड टी ही वेगळी कंपनी काढली, तिचा पहिला अध्यक्ष व्हेलच. १८८७ साली मालकांशी पटेना म्हणून तो बाहेर पडला. वीस वर्षांनी, १९०७ साली, त्याला परत बोलावलं आणि मग 'एक धोरण, एक यंत्रणा, सर्वांना सेवा' अशी घोषणा देत १९१९ पर्यंत त्याने आख्ख्या अमेरिकेची एक टेलिफोन यंत्रणा बांधली.

माझे प्रश्न दोन. या उद्योगाचं श्रेय त्याला किती द्यायचं? आणि त्यासाठी त्याने जी मक्तेदारी आणली, ती लोकांच्या भल्याची होती की नाही? मला स्वतःला वाटतं, श्रेय भरपूर द्यावं आणि मक्तेदारीही त्या काळापुरती योग्यच होती. तुमचं मत मनापासून ऐकायचंय.

गोदाकाठ

विषय एकदम वेगळा. वाचतेय. नाव पहिल्यांदाच ऐकलं हे खरं.

रूळपट्टी

रेल्वे टपालाचा उल्लेख एका वाक्यात उरकलात, पण किल्ली तिथेच आहे असं मला वाटतं. ज्यांच्या घरात कोणी आरएमएसमध्ये, म्हणजे आपल्याकडच्या रेल्वे टपाल सेवेत, होतं त्यांना लगेच कळेल. चालत्या गाडीत रात्रभर उभं राहून टपालाची छाटणी करायची, कोणती थैली कोणत्या जंक्शनला उतरवायची, पुढची गाडी चुकली तर पत्र कुठून वळवायचं, हे सगळं डोक्यात बसलेलं असावं लागतं. अमेरिकेत हेच काम करत करत व्हेल १८७६ साली त्या सेवेचा प्रमुख झाला. न्यूयॉर्क ते शिकागो जलद टपालगाडी १८७५ साली सुरू झाली, त्या खटपटीतही तो होता.

अशा माणसाच्या हातात टेलिफोन आला तेव्हा त्याला यंत्र दिसलंच नसणार. त्याला दिसली असणार जंक्शनं. बाकीचे लोक बॉस्टनमध्ये किती फोन विकले हे मोजत होते आणि हा बॉस्टनहून न्यूयॉर्कला कसं जोडायचं याचा विचार करत होता.

अर्थचक्र

तारयात्री, लेख आवडला, पण श्रेयाच्या वाटणीत हबर्डवर अन्याय होतोय. फोन विकायचा नाही, भाड्याने द्यायचा, हा निर्णय हबर्डचा. व्हेल यायच्या आधीच तो झाला होता. बुटाची यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीत असं भाड्याचं गणित त्यांनी पाहिलं होतं, तेच इथे लावलं. हा निर्णय नसता तर फोन शिलाई मशीनसारखा दुकानातून विकला गेला असता आणि प्रत्येक घराचं यंत्र वेगळं, दर्जा वेगळा, तक्रार कोणाकडे करायची ते माहीत नाही. भाड्यामुळे यंत्र कायम कंपनीचं राहिलं, म्हणून दुरुस्ती कंपनीची, सुधारणा कंपनीची आणि दरसाल पैसाही कंपनीचा.

व्हेलने त्यावर मजला चढवला हे मान्य. स्थानिक कंपन्यांना पेटंट वापरायची परवानगी दिली, पण बदल्यात त्यांचे शेअर घेतले. १८८१-८२ मध्ये वेस्टर्न इलेक्ट्रिक हा कारखाना ताब्यात घेतला. गंमत बघा, त्याच्या संस्थापकांपैकी एक एलिशा ग्रे, बेलचा पेटंटातला प्रतिस्पर्धी! म्हणजे यंत्र आपल्या कारखान्यातलं, स्थानिक कंपनीत आपला हिस्सा आणि शहरांमधली लाईनही आपली. १८९३-९४ मध्ये बेलची पेटंटं संपणार हे त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. पेटंट गेल्यावर काय शिल्लक राहील याची तजवीज तो पंधरा वर्षं आधी करत होता.

सदूभाऊ

हे वेस्टर्न युनियन म्हणजे परदेशातून पैसे येतात तेच का?

अर्थचक्र

तेच. टेलिफोनमधून बाहेर पडले, तार बंद झाली, पण मनीऑर्डरचं काम टिकलं.

नानासाहेब_खांबवाले

मी आयुष्यभर लाईनवर काम केलं, आता निवृत्त आहे. या धाग्यावर लिहायलाच हवं होतं.

रूळपट्टी म्हणतात ते शंभर टक्के बरोबर, पण लांबची लाईन ही नुसत्या कल्पनेने होत नाही. तेव्हा तारा लोखंडाच्या होत्या. लोखंड गंजतं, रोध जास्त, आवाज थोड्या अंतरात मरतो. शिवाय एकच तार टाकायची आणि परतीचा मार्ग जमिनीतून, म्हणजे अर्थ. त्यामुळे शेजारच्या तारेचं बोलणं आपल्याला ऐकू येतं आणि शहरात विजेची ट्राम आली की नुसती घरघर. उपाय काय? तांब्याची तार आणि एकीऐवजी दोन तारा. पण साधं तांबं मऊ. दोन खांबांमध्ये ओढलं की स्वतःच्या वजनाने लांबतं आणि लोंबतं. थॉमस डूलिटल नावाच्या माणसाने तांबं थंड अवस्थेत ओढून कडक करण्याची रीत काढली होती. १८८४ साली बॉस्टन ते न्यूयॉर्क लाईन त्या कडक तांब्याची टाकली आणि बोलणं स्वच्छ ऐकू आलं.

तांबं म्हणजे पैसा, आणि दोन तारा म्हणजे दुप्पट पैसा. मालकांना डिव्हिडंड हवा होता. अशा वेळी 'टाका तांबं' म्हणणारा साहेब वर बसलेला असणं म्हणजे काय, हे खांबावर चढलेल्या माणसाला विचारा. ती लाईन तेव्हा फायद्याची नव्हती, तरी टाकली. मला व्हेल आवडतो तो यासाठी.

गोदाकाठ

नानासाहेब, प्रतिसाद फार आवडला. अजून लिहा प्लीज.

शेतशिवार

सगळे आरती ओवाळताय म्हणून दुसरी बाजू मांडतो. मला व्हेलबद्दल राग नाही, पण हा इतिहास कंपनीच्या गच्चीवरून लिहिलेला आहे. खालून बघू.

पेटंटं होती तोवर बेल कंपनीने काय केलं? शहरातल्या व्यापाऱ्यांना, डॉक्टरांना, वकिलांना महाग दराने फोन दिले. खेड्याकडे ढुंकून पाहिलं नाही. १८९४ नंतर पेटंटं संपली आणि हजारो छोट्या कंपन्या आणि सहकारी लाईनी उगवल्या. मध्य-पश्चिमेतल्या शेतकऱ्यांनी काही ठिकाणी कुंपणाची काटेरी तारच टेलिफोनची लाईन म्हणून वापरली! कॅटलॉगमधून फोन मागवायचे, शेजाऱ्यांनी मिळून खांब रोवायचे, एका लाईनवर दहा-बारा घरं. कोणाची घंटा किती वेळा वाजते त्यावरून फोन कोणाचा ते ओळखायचं, आणि सगळी आळी ऐकत बसायची.

१९०७ साली अमेरिकेत सुमारे ६० लाख फोन होते आणि त्यातले जवळजवळ निम्मे या स्वतंत्र कंपन्यांचे. तेरा-चौदा वर्षांत! आणि स्पर्धेमुळे बेल कंपनीलाही दर उतरवावे लागले. म्हणजे टेलिफोन सामान्य माणसाच्या घरात नेला तो स्पर्धेने. ती स्पर्धा संपवायला ज्याला परत बोलावलं तो व्हेल. जे. पी. मॉर्गन आणि त्यांच्या गोटातल्या बँकवाल्यांनी १९०७ मध्ये कंपनीवर ताबा मिळवला आणि यालाच खुर्चीवर बसवलं, हा योगायोग नव्हे.

सदूभाऊ

काटेरी तारेवरून फोन! पावसात काय होत असेल?

नानासाहेब_खांबवाले

लाकडी खुंटावर तार ओली झाली की करंट जमिनीत जातो, बोलणं गायब. म्हणून चिनी मातीचे इन्सुलेटर लावायचे, नाही मिळाले तर बाटल्यांचे गळे लावणारेही होते.

तारयात्री

शेतशिवार, प्रतिसाद जबरदस्त. स्पर्धेने फोन खेड्यात नेला, यावर वाद नाही. पण त्या फोनवरून बोलता कोणाशी येत होतं?

बेल कंपनी आपल्या लांबच्या लाईनीला स्वतंत्र कंपन्यांना जोडू देत नसे. एकाच शहरात दोन एक्स्चेंज, एकमेकांना न जोडलेली. दुकानदाराला भिंतीवर दोन फोन लावावे लागत, दोन्हीकडे भाडं भरावं लागे. डॉक्टरकडे एका कंपनीचा फोन आणि तुमच्या घरी दुसरीचा असला तर पोरगं धावत पाठवायचं. याला स्वस्त फोन म्हणायचं का? व्हेलच्या एका वार्षिक अहवालात या अर्थाचं आहे की दुसऱ्या टोकाला जोडणी नसेल तर टेलिफोनइतकी निरुपयोगी वस्तू जगात नाही. त्याची किंमत तो किती जणांशी जोडलेला आहे यावर. आज व्हॉट्सॲप सगळे का वापरतात याचं कारण आपण ज्या शब्दांत सांगतो, ते त्याने शंभर वर्षांपूर्वी भागधारकांना लिहून कळवलं होतं.

शेतशिवार

पण जोडू न देणारं कोण होतं? त्याचीच कंपनी ना? दार आतून बंद करायचं आणि मग बाहेरच्याला सांगायचं की तू एकटा आहेस म्हणून निरुपयोगी आहेस, आमच्यात ये.

कलमबहाद्दर

वरचा प्रतिसाद फ्रेम करून लावावा. +१

मीनल_जर्सी

थोडं अवांतर, पण विषयाला धरून. मी न्यू जर्सीत मॉरिसटाऊनपासून जवळ राहते. व्हेल घराणं इथलंच. थिओडोर लहानपणी इथे वाढला. याच घराण्यातला आल्फ्रेड व्हेल हा मोर्सचा साथीदार. जानेवारी १८३८ मध्ये इथल्या स्पीडवेल लोखंड कारखान्याच्या इमारतीत त्यांनी तारयंत्राचं प्रात्यक्षिक लोकांना दाखवलं. ती जागा आजही जपून ठेवली आहे. मुलांना घेऊन जायला छान आहे, कोणी या बाजूला आलं तर जरूर बघा.

इथून थोड्या अंतरावर मरे हिल, म्हणजे बेल लॅब्ज, जिथे १९४७ साली ट्रान्झिस्टर झाला. आमच्या आधीच्या पिढीतले कितीतरी मराठी इंजिनिअर तिथे नोकरी करत. आमच्या मंडळातल्या ज्येष्ठांच्या गप्पा ऐकताना मला नेहमी वाटतं की शेतशिवार यांच्या प्रश्नाला हेही एक उत्तर आहे. उद्या काय विकायचं याची चिंता नसलेली, वीस वर्षांनी उपयोगी पडेल अशा गोष्टीवर माणसं बसवणारी प्रयोगशाळा मक्तेदारीच्या पैशावरच चालली. बेल लॅब्ज १९२५ ची, व्हेल गेल्यानंतरची, पण पाया त्याने घातला. १९०७ मध्ये परतल्यावर त्याने विखुरलेलं इंजिनिअरिंगचं काम एकत्र केलं आणि जॉन कार्टी यांना मुख्य इंजिनिअर केलं.

नानासाहेब_खांबवाले

मीनलताई, कार्टींचं नाव काढलंत तर आता न्यूयॉर्क ते सॅन फ्रान्सिस्को लाईनीचं सांगतोच.

तांब्याची तार, त्यात ठराविक अंतरावर लोडिंग कॉइल, म्हणजे तारेची वेटोळी, बसवल्या, तरी १९११ साली न्यूयॉर्कहून डेन्व्हरपर्यंतच आवाज पोचत होता. त्यापुढे कुजबुज. आवाज वाटेत पुन्हा मोठा करणारं काहीतरी हवं होतं, आणि ते कोणाकडेच नव्हतं. तरीही व्हेल आणि कार्टी यांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रदर्शनाच्या वेळेपर्यंत किनाऱ्यापासून किनाऱ्यापर्यंत बोलायची सोय करण्याचा शब्द दिला. आधी शब्द, मग शोध! त्यासाठी हॅरॉल्ड आर्नोल्ड नावाचा तरुण भौतिकशास्त्रज्ञ कामावर घेतला. ली डी फॉरेस्टच्या ऑडिऑन नळीचे टेलिफोनसाठीचे हक्क १९१३ मध्ये ५०,००० डॉलरला विकत घेतले. ती नळी टेलिफोनच्या कामाला कच्ची होती. आर्नोल्डने तिच्यातली हवा जवळपास पूर्ण काढून टाकली आणि मग ती भरवशाने आवाज वाढवायला लागली.

खांब सुमारे १,३०,०००, तांबं सुमारे २,५०० टन. शेवटचा खांब जून १९१४ मध्ये युटाच्या सीमेवर वेंडोव्हरला रोवला. जाहीर उद्घाटन २५ जानेवारी १९१५. बेल न्यूयॉर्कला, वॉटसन सॅन फ्रान्सिस्कोला, अध्यक्ष विल्सन वॉशिंग्टनला आणि पायाच्या दुखण्यामुळे व्हेल जॉर्जियातल्या जेकिल बेटावर. त्याच्यासाठी तिथवर खास लाईन टाकली होती. बेलने जुनं वाक्य म्हटलं, 'मिस्टर वॉटसन, इकडे या', तेव्हा वॉटसन म्हणाले, आता यायला आठवडा लागेल!

ओसाड मीठवट जमिनीत, वाळवंटात, डोंगरात खांब रोवणाऱ्यांची नावं कुठे येत नाहीत. मला त्यांचीही आठवण होते.

रूळपट्टी

नानासाहेब, साष्टांग. या लाईनीवरून तीन मिनिटांच्या कॉलला २० डॉलर ७० सेंट पडायचे. सामान्य माणसाला ते परवडणारं नव्हतं, पण सगळा देश एका तारेत आला.

स्वरदा_क

दोन-तीन पानं झाली तरी एक्स्चेंजमध्ये बसणाऱ्या बायकांचा उल्लेख नाही.

जानेवारी १८७८ मध्ये न्यू हेवनला पहिलं व्यापारी एक्स्चेंज सुरू झालं, २१ ग्राहक. सुरुवातीला स्विचबोर्डवर तारखात्यातल्यासारखी पोरं बसवत. ती दंगामस्ती करत, गिऱ्हाइकांना उलट बोलत. सप्टेंबर १८७८ मध्ये बॉस्टनला एम्मा नट ही पहिली महिला ऑपरेटर लागली आणि थोड्याच वर्षांत हे काम बायकांचंच झालं. व्हेलची 'एक यंत्रणा' शब्दशः या मुलींच्या बोटांतून चालत होती. कानाला जड हेडसेट, हात वर करून तासन् तास दोऱ्या खोचायच्या, पाठीमागे देखरेख करणारी सुपरवायझर, ठरवून दिलेल्या वाक्यांपलीकडे बोलायची मुभा नाही.

पहिल्या महायुद्धात, ऑगस्ट १९१८ पासून वर्षभर, सरकारने टेलिफोन यंत्रणा ताब्यात घेतली होती. पोस्टमास्टर जनरल बर्लसन त्याचे प्रमुख. त्या काळात पगारवाढीची मागणी कोणी ऐकून घेईना, तेव्हा एप्रिल १९१९ मध्ये न्यू इंग्लंडच्या ऑपरेटर मुलींनी ज्युलिया ओ'कॉनर यांच्या नेतृत्वाखाली सहा दिवस संप केला. पाच राज्यांत फोन ठप्प. आणि त्या जिंकल्या. उद्योग कोणी उभा केला हा प्रश्न असेल तर माझं उत्तर या मुलींपासून सुरू होतं. १९१३ साली व्हेलच्या कंपनीने नोकरांसाठी पेन्शन आणि आजारपणाच्या भत्त्याची योजना आणली, ती त्या काळात पुढारलेली होती, हेही नोंदवते. पण पगार आणि मान मागायला संपच लागला.

कलमबहाद्दर

याला जोडून: आपोआप चालणारं एक्स्चेंजही बेल कंपनीतून आलं नाही. कॅन्सस सिटीतला अल्मन स्ट्राउजर हा अंत्यविधीची व्यवस्था करणारा माणूस. असं सांगतात की गावातली ऑपरेटर त्याचे कॉल त्याच्या प्रतिस्पर्ध्याला जोडून द्यायची, म्हणून वैतागून त्याने ऑपरेटरच नको असं यंत्र केलं. पेटंट १८९१, पहिलं एक्स्चेंज १८९२ साली इंडियानातल्या ला पोर्टला. स्वतंत्र कंपन्यांनी ते उचललं. बेल कंपनीने मोठं डायल एक्स्चेंज सुरू केलं ते १९१९ च्या नोव्हेंबरमध्ये, नॉरफोकला. २७ वर्षं! मीनलताईंच्या प्रयोगशाळेच्या मुद्द्याला हे उत्तर. मक्तेदार पैसा लावतो, पण आपल्याला सोयीचं असेल त्यावर.

नानासाहेब_खांबवाले

स्ट्राउजर! आमची उमेदीची वर्षं त्याच एक्स्चेंजात गेली. रात्री हॉलमध्ये उभं राहिलं की खटखटखट आवाजावरून शहर जागं आहे की झोपलंय ते कळायचं. बंगळूरच्या आयटीआयने ती बनवली आणि आपल्याकडे ती कितीतरी वर्षं टिकली.

कलमबहाद्दर, मुद्दा बरोबर, पण एक बाजू राहिली. मोठ्या शहरात शंभर एक्स्चेंज एकमेकांना जोडलेली असतात. तिथे स्ट्राउजर जसंच्या तसं बसवणं लहान गावाइतकं सोपं नव्हतं. उशीर झाला, पण सगळाच हट्ट नव्हता.

गोदाकाठ

आपल्या मुंबईत फोन कधी आला? व्हेलशी त्याचा काही संबंध?

तारयात्री

थेट संबंध नाही, पण धागा तोच. १८८१ साली इंग्लंडमध्ये ओरिएंटल टेलिफोन कंपनी निघाली. बेल आणि एडिसन दोन्हीकडचे पूर्वेकडचे हक्क तिच्यात एकत्र आले. जे अमेरिकेत कोर्टबाजीनंतर १८७९ ला जुळलं, तसंच इथेही. या कंपनीला कलकत्ता, मुंबई, मद्रास इथल्या एक्स्चेंजचे परवाने मिळाले आणि जानेवारी १८८२ मध्ये ती रीतसर सुरू झाली. म्हणजे न्यू हेवननंतर फक्त चार वर्षांनी! मुंबईचा टेलिफोन खासगी कंपनीकडेच होता, पुढे सरकारने तो घेतला.

अर्थचक्र

आता मूळ प्रश्नाकडे. मक्तेदारी. व्हेलचं वेगळेपण मला इथे दिसतं. त्या काळचे बाकीचे बडे उद्योगपती सरकारचं नाव काढलं की चवताळत. हा भागधारकांच्या अहवालात लिहितो की स्पर्धा नको असेल तर सरकारी देखरेख मान्य करावी लागेल, आणि ती आम्हाला मान्य आहे, फक्त ती न्याय्य आणि जाणकार असावी. नफा माफक, दर सरकारी आयोग तपासणार, त्या बदल्यात मैदान आमचं. पुढे वीज आणि फोनच्या धंद्यात अमेरिकेत जो ढाचा रुळला तो हाच.

१९०९ मध्ये त्याने वेस्टर्न युनियनचाही ताबा घेतला, तेव्हा मात्र सरकार खडबडून जागं झालं. डिसेंबर १९१३ मध्ये कंपनीचे उपाध्यक्ष नेथन किंग्जबरी यांनी ॲटर्नी जनरलना पत्र लिहून तीन गोष्टी कबूल केल्या: वेस्टर्न युनियन सोडणार, आयोगाला विचारल्याशिवाय स्पर्धक कंपन्या गिळणार नाही आणि स्वतंत्र कंपन्यांना आपल्या लांबच्या लाईनीला जोडू देणार.

शेतशिवार

तेच म्हणतोय मी. जोडणी मिळाली ती सरकारने कान धरल्यावर. व्हेलच्या दूरदृष्टीमुळे नव्हे. आणि १९२१ साली नवा कायदा येऊन कंपन्या गिळायचा रस्ता पुन्हा मोकळा झालाच.

एक आकडा देतो, तो मला फार बोलका वाटतो. १९२० च्या जनगणनेत अमेरिकेतल्या ३८.७ टक्के शेतघरांत फोन होता. १९४० ला ते प्रमाण २५ टक्क्यांवर आलं. मंदी हे कारण मोठं, पण शेतकऱ्यांच्या जुनाट लाईनी सुधारायला कोणी पुढे आलं नाही, हेही आहेच. एक यंत्रणा झाली, सगळे जोडले गेले आणि खेड्यातला फोन गळून पडला.

स्वरदा_क

हा आकडा मला माहीत नव्हता. विचार करायला लावणारा आहे.

अर्थचक्र

आणि यातूनच कळतं की १९०७ च्या व्हेलला प्रत्येक गरिबाच्या घरी फोन द्यायचा नव्हता. त्याला हवं होतं की ज्याच्याकडे फोन आहे त्याला फोन असलेल्या कोणाशीही बोलता यावं, एकाच कंपनीच्या छताखाली. प्रत्येक घरी परवडणारा फोन हे ध्येय पुढे सरकारी धोरणातून आलं आणि ते त्याच्या घोषणेला मागाहून चिकटलं. आपल्याकडे २००२ साली याच विचारातून निधी उभारला, टेलिकॉम कंपन्यांच्या उत्पन्नातले ५ टक्के ग्रामीण सेवेसाठी. व्हेलने असा कर कधी सुचवला नव्हता.

मीनल_जर्सी

पण जोडणीचा प्रश्न अजून जिवंत आहे! २०१६ मध्ये भारतात नवी मोबाइल कंपनी आली तेव्हा जुन्या तीन कंपन्यांनी तिला जोडणीचे पॉइंट पुरेसे दिले नाहीत म्हणून ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, मिळून ३,०५० कोटींच्या दंडाची शिफारस केली होती. १९०० च्या आसपासचंच भांडण.

कलमबहाद्दर

आणि उत्तर मात्र उलट निघालं. एकाच कंपनीने सगळं गिळायची गरज पडली नाही. कायद्याने जोडणी सक्तीची केली की दहा कंपन्याही एक यंत्रणा होतात. व्हेलचं गणित इथे चुकलं.

नानासाहेब_खांबवाले

आज तसं म्हणता येतं. १९०७ मध्ये दोन कंपन्यांचे व्होल्टेज वेगळे, बॅटरी वेगळी, घंटा वेगळी, तारेची जाडी वेगळी. नुसतं कायद्याने जोडा म्हटलं असतं तर डेन्व्हरच काय, शंभर मैलांवरही आवाज गेला नसता. आधी कोणीतरी एकाने सगळीकडे एकच माप लावायला हवं होतं. ते त्याने लावलं. मापं एक झाल्यावर मग मालक दहा असले तरी चालतं.

शेतशिवार

नानासाहेब, हे पटलं. तांत्रिक माप एक करायचं श्रेय त्याला आजपासून द्यायला मी तयार. खेड्यात फोन नेल्याचं श्रेय मात्र काटेरी तारवाल्यांचं. ते तुम्ही त्याला देऊ नका.

तारयात्री

शेतशिवार, मंजूर. वाटणी अशी मला स्वीकारता येईल: भाड्याची पद्धत हबर्डची, खेड्यातला फोन स्वतंत्र कंपन्यांचा, रोजचं चालवणं ऑपरेटर मुलींचं आणि लाईनमनचं. पण या सगळ्याची एक यंत्रणा होऊ शकते, तिच्यासाठी आजचा डिव्हिडंड कमी करून तांबं टाकायला हवं, नसलेल्या नळीचा शोध लागेल म्हणून आधी शब्द द्यायला हवा, हे धाडस व्हेलचंच. १८८७ ला त्याने नोकरी सोडली ती याच वादात. मालकांना नफा वाटून हवा होता, त्याला तो लाईनीत घालायचा होता. मग अर्जेंटिनात वीज आणि ट्रामचे धंदे केले, व्हर्मॉन्टला शेती केली. १९०५ ला बायको गेली, १९०६ ला एकुलता एक मुलगा. त्यानंतर ६१ व्या वर्षी माणूस परत येतो आणि बारा वर्षं हे काम ओढतो. माझ्या मनात त्याच्याबद्दल आदर आहे तो यासाठी, मक्तेदारीच्या वादात कोणीही जिंकलं तरी.

रूळपट्टी

त्याची व्हर्मॉन्टमधली लिंडनची इस्टेट शिक्षणासाठी दिली गेली, पुढे तिथे कॉलेज आलं.

सदूभाऊ

नानासाहेब, लोडिंग कॉइलवर वेगळा धागा काढा. तारेत कॉइल घातली की आवाज लांब कसा जातो, हे मला अजून उमगलेलं नाही.

नानासाहेब_खांबवाले

काढतो. दोन तारा शेजारी शेजारी असल्या की त्यांच्यात आपोआप धारिता, म्हणजे विजेचा भार साठवायचा गुण, तयार होते आणि ती आवाजातले वरचे सूर खाऊन टाकते. कॉइल तिचा तोल सांभाळते. कॉइलींमधलं अंतर किती ठेवायचं याचं गणित प्युपिन आणि कॅम्पबेल यांनी मांडलं. आकृत्या काढाव्या लागतील. रविवारी सवडीने टाकतो.